मदत हवी आहे: बीपी तपासणीच्या टेबलापाशी कोणी थांबत नाही

सायली_के:
तातडीनं मदत हवी आहे. एमपीएचचं (सार्वजनिक आरोग्यातली मास्टर्स) प्रॅक्टिकम, म्हणजे प्रत्यक्ष कामाचा भाग, चालू आहे. लोकांना बीपीची माहिती द्यायची, पण ते पत्रक घेतात आणि निघून जातात. मजकूर सोपा केला, फोटो बदलले, फरक शून्य. येत्या रविवारी पुन्हा टेबल लावायचंय. कृपया 'धीर धर' सांगू नका.

वऱ्हाडी_डॉक्टर:
कुठे? कोणते लोक? वय काय? एवढ्यावरून काय सांगणार?

सायली_के:
अमेरिकेत, बॉल्टिमोर. कृष्णवर्णीय वस्तीतलं चर्च, प्रार्थना संपल्यावर. बहुतेक पन्नाशीपुढच्या बायका.

चिंतामणी:
चर्च सोडा, सलून गाठा. लॉस एंजेलिसमध्ये कृष्णवर्णीय न्हाव्यांच्या 52 दुकानांत 319 पुरुषांवर अभ्यास झाला, 2018 मध्ये छापून आला. सहा महिन्यांत वरचं बीपी सरासरी 27 नं उतरलं!

वऱ्हाडी_डॉक्टर:
अर्धीच गोष्ट सांगताय. 27 नं उतरलं ते फार्मासिस्ट दुकानात येऊन औषधं देत होते तिथे. जिथे न्हावी फक्त समजावत होते आणि डॉक्टरकडे जा म्हणत होते, तिथे 9 च्या आसपास. नुसत्या उपदेशानं बीपी उतरत नाही.

चिंतामणी:
सायलीला औषधं लिहून द्यायचा अधिकार आहे का? नाही ना? मग तिला जमेल ते सांगा. ओळखीच्या माणसाचंच लोक ऐकतात, माझा मुद्दा एवढाच.

माईआजी:
सैंधव वापरायला सांग गं त्यांना. आमच्या ह्यांना खूप गुण आला.

वऱ्हाडी_डॉक्टर:
माई, सैंधवातही सोडियमच असतं. आणि बाजारातलं पोटॅशियमवालं मीठ किडनीच्या रुग्णाला धोक्याचं. असं सरसकट सांगू नये.

मेधा_आर:
सायली, मी इथे नर्स आहे. टेबलावर नेमकं काय काय ठेवतेस?

सायली_के:
मशीन, पत्रकं, नोंदणीचा फॉर्म. आधी नाव, जन्मतारीख, फोन, मग बीपी. एका आजींनी विचारलं, हा कागद कुठे जातो? विभागाकडे, म्हटलं. त्यांनी पेन खाली ठेवलं, कोट घातला आणि गेल्या.

मेधा_आर:
मग पत्रकाला कशाला दोष देतेस? अमेरिकेतल्याच टस्कीगीत 1932 ते 1972 सरकारी डॉक्टर सिफिलिस झालेल्या 399 कृष्णवर्णीय पुरुषांवर नुसती नजर ठेवून होते, पेनिसिलिन आल्यावरही दिलं नाही. तुझ्याच शहरात 1951 मध्ये हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय कॅन्सर रुग्णाच्या पेशी तिला न विचारता घेतल्या. तिथल्या आजी 'कागद कुठे जातो' विचारणारच, आणि विचारायलाच हवं. फॉर्म टेबलावरून उचल. आकडा कार्डावर लिहून त्यांच्याच हातात दे. चर्चमध्ये येणाऱ्या कोणी नर्स असतील तर मशीन त्यांच्या हाती दे, तू शेजारी बस. आणि मशीनचा कफ (दंडाला गुंडाळायचा पट्टा) मोठा आहे ना? जाड दंडाला लहान कफ लावला तर बीपी उगाच जास्त दिसतं.

सायली_के:
फॉर्मशिवाय विभाग प्रॅक्टिकमचे तास मोजत नाही.

मेधा_आर:
मग मोजून झाल्यावर विचार. कशासाठी हवाय ते सांगून, आणि ज्यांची इच्छा असेल त्यांनाच.

नंदुरबारकर:
आमच्या पाड्यावर सिकलसेलसाठी रक्त नेलं, रिपोर्ट कोणाच्याच हातात आला नाही. पुढच्या वेळी पोरं शेतात पळाली. मेधाताईंचं शंभर टक्के बरोबर.

विदर्भकन्या:
एमपीएचला जीआरई लागते का हो? बीएएमएस चालतं?

चिंतामणी:
त्याचा वेगळा धागा काढा. सायली, तिथल्या बायका केस करायला कुठे जातात तेही बघ.

सायली_के:
मेधाताई, चर्चमध्ये एक निवृत्त नर्स आहेत, आजच फोन करते. कफ एकाच मापाचा आहे. मोठा मागवताना दंडाचा घेर नेमका कुठे मोजायचा?