स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर छोट्या शिडाच्या होडीत तीन आठवडे राहणे कितपत जमेल?

धरमपेठकर यांचा प्रश्न :
नमस्कार. मी नागपूरचा, वय 61, गेल्या वर्षी नोकरीतून निवृत्त झालो. माझा जावई ग्लासगोला असतो आणि त्याची 31 फुटी शिडाची होडी आहे. येत्या जूनमध्ये ओबानहून निघून मल, आयोना आणि जमल्यास स्काय या बेटांची सफर करावी, आणि तीन आठवडे मुलगी, जावई आणि मी अशा तिघांनी होडीतच राहावे, असा त्याचा बेत आहे. समुद्र मी पाहिला तो गणपतीपुळ्याच्या वाळूवर उभा राहून. होडीचा अनुभव फुटाळा आणि अंबाझरी तलावांपुरता. जावई म्हणतो, "बाबा, फक्त गरम कपडे आणा." तेवढ्याने भागेल असे वाटत नाही. झोपणे, आंघोळ, स्वयंपाक हे प्रत्यक्षात कसे चालते, आणि उजवा गुडघा कुरकुरतो त्याचे काय करावे, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांनी सांगावे. पाहण्याची ठिकाणे नकोत, ती कुठेही वाचायला मिळतात.

वर्धारोड :
मी त्याच किनाऱ्यावर दोन उन्हाळे मित्राच्या 29 फुटी होडीत काढले आहेत. थंडीची धास्ती आपल्याला उगाच वाटते. खरा त्रास ओलीचा. बाहेरचे पाणी जूनमध्येही जेमतेम 12 अंशांचे असते, होडीची भिंत तितकीच गार राहते आणि आत तीन माणसांचे श्वास, चहाची वाफ, ओले मोजे. पहिल्या रात्री कपाळावर टपकन थेंब पडला तेव्हा छत गळते आहे असे समजून मी मित्राला उठवले. त्याने निमूटपणे फडक्याने छत पुसले आणि पुन्हा झोपी गेला. रोज सकाळी गादी उभी करून तिची खालची बाजू वाळवणे हे तिथले अंथरूण काढणे. होडीत डिझेलवरचा हीटर आहे का, हे जावयाला आधी विचारा, कारण त्याचा धूर बाहेर जातो आणि आत कोरडी ऊब येते. गॅसची शेगडी उबेसाठी पेटवली तर ओल वाढते, आणि बंद खोलीत ते जिवावरही बेतू शकते.

गोड्या पाण्याची टाकी साधारण 150 लिटरची धरा. मे महिन्यात आपला कूलर दिवसभरात जे पाणी पितो, त्यात तिघांचे चार दिवस काढायचे असतात. भांडी आधी समुद्राच्या पाण्यात घासून मग गोड्या पाण्याने विसळतात. आंघोळ बंदरात पोहोचल्यावर, तिथल्या स्नानगृहात. मधले दिवस ओल्या टॉवेलवर.

दिनक्रम घड्याळावर नाही, भरती-ओहोटीवर चालतो. जुरा आणि स्कार्बा या बेटांमधल्या कॉरीव्रेकनच्या भोवऱ्यात प्रवाह 8 नॉटच्या (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) आसपास जातो, आणि तुमची होडी इंजिनावरही 5-6 नॉटच काढणार. प्रवाह विरुद्ध असेल तर होडी पुढे जाण्याऐवजी मागे सरकते, म्हणून अशा चिंचोळ्या वाटा पाणी थांबते त्या थोड्या वेळात ओलांडतात किंवा टाळतात. भरती दर 12 तास 25 मिनिटांनी येते, त्यामुळे निघण्याची वेळ रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते आणि आज आठला निघालात तर आठवड्याने पहाटे दोन किंवा दुपारी दोन यांतून निवड करावी लागते. जूनमध्ये ओबानला साडेचारच्या सुमारास उजाडते आणि रात्री दहा वाजून गेले तरी सूर्य मावळायचा असतो. डोळ्यांवर बांधायला काळी पट्टी न्या. वारा पडलेल्या संध्याकाळी मिज नावाच्या बारीक चावऱ्या माश्या येतात, त्यांच्यापुढे आपले डास बरे.

जुना_खलाशी :
वरचे सर्व बरोबर आहे; गुडघ्याबद्दल मी लिहितो. होडीच्या आत उतरायला चार-पाच उभ्या पायऱ्या असतात. तिथे नेहमी पाठमोरे, म्हणजे पायऱ्यांकडे तोंड करून उतरावे. समोर पाहत उतरणारेच पडतात. त्याहून अवघड आहे ते रबरी होडीतून किनाऱ्यावर जाणे आणि दगडी धक्क्याला होडी लावणे. ओबानला उधाणाच्या वेळी पाणी तीन मीटरहून अधिक चढते-उतरते, त्यामुळे भरतीला जो धक्का कमरेशी होता तो ओहोटीला डोक्यावर गेलेला असतो आणि गंजलेली, शेवाळलेली लोखंडी शिडी चढावी लागते. ओबान आणि टोबरमोरी येथे पाण्याबरोबर वरखाली होणारे तरंगते धक्के आहेत. तीन आठवड्यांत मुक्काम शक्यतो अशाच जागी ठेवा, असे जावयाला स्पष्ट सांगा. भिडेखातर गप्प राहू नका.

मधल्या रात्री नांगरावर जातील. ओहोटीला चार मीटर पाणी असेल तर उधाणाला सात मीटरहून जास्त होईल, म्हणून तीसेक मीटर साखळी सोडतात. ती रात्री तळाच्या दगडांवर घासते आणि आवाज थेट उशीखाली येतो. पहिल्या रात्री झोप लागणार नाही. तिसऱ्या रात्री आवाज थांबला तर जाग येईल.

एक सवय पहिल्याच दिवशी लावून घ्या. स्वयंपाक संपला की गॅस सिलिंडरवरच बंद करायचा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, आणि घरात तो दाराखालून निघून जाईल, पण होडीला खाली दार नसते. गळलेला गॅस तळाशी साचून राहतो.

धरमपेठकर :
दोघांचे मनापासून आभार. हीटरबद्दल जावयाला विचारले. आहे, पण "बहुधा चालतो" असे उत्तर आले. प्रेशर कुकर आणि सावजी मसाला न्यावा का?

वर्धारोड :
"बहुधा" म्हणजे चालत नाही असे समजा आणि निघण्याआधी दुरुस्त करून घ्यायला लावा. कुकर अवश्य न्या, गॅस वाचतो. शेगडी झुलती असते, त्यामुळे होडी कलली तरी तो सरळ राहतो. फक्त शिटी होण्याआधी होडीच्या छतातली झडप उघडा, नाहीतर ती सगळी वाफ रात्री कपाळावर परत येईल.

जुना_खलाशी :
मसालाही न्या. तिथे दोरीला गळ लावून सोडले की उन्हाळ्यात मॅकरेल मिळतो, तो आपल्या बांगड्याचाच भाऊबंद. फोडणी मात्र होडी नांगरावर उभी असतानाच करावी. चालत्या होडीत उकळते तेल आणि सावजीचा ठसका हे दोन्ही एकदम नको.