मदत हवी आहे: टर्नटेबल वेगात फिरतंय, दोन बेल्ट बदलून झाले

झाडपाला | गुरुवार, सकाळी १०:१२

नमस्कार. थोडक्यात लिहितो, डोकं फिरलंय.

टर्नटेबल वेगात चालतंय. नुसतं ऐकणाऱ्याला कळणार नाही, पण सोबत कीबोर्ड घेऊन बसलं की लगेच कळतं. सूर चढे लागतात. बरं, अर्धा स्वर चढे असते तर ट्रान्सपोजचं बटण दाबून मोकळा झालो असतो. हे मधेच कुठेतरी लोंबकळतात, त्यामुळे इकडची पट्टी दाबा नाहीतर तिकडची, दोन्ही बेसूर. बेल्ट बदलला, तेच. दुसऱ्या दुकानातून अजून एक आणला, तेच. साडेआठशे अधिक सहाशे गेले. रिपेअरवाल्याने मशीन दोन दिवस ठेवून घेतलं आणि "आमच्याकडे बरोबर चालतंय" म्हणून परत दिलं. बघण्याचे तीनशे वेगळे.

शनिवारी दोन मित्र येणार आहेत, एक जण बेस आणणार आहे. रेकॉर्डसोबत वाजवायचं ठरलंय. त्याआधी खात्रीचा उपाय हवा. "नवीन घ्या" सांगू नका, प्लीज.

सोल्डरवाला | १०:३१

मॉडेल? बेल्ट आहे म्हणजे डायरेक्ट ड्राइव्ह (मोटर थेट थाळीला जोडलेली) नाही एवढं कळलं. मोटर डीसी की एसी? डीसी असेल तर बऱ्याच मोटरींच्या बुडाला बारीक भोक असतं, त्यात वेगाचा स्क्रू असतो. घड्याळाच्या स्क्रूड्रायव्हरने केसभर फिरवायचा. पण आधी वेग मोजा.

दादरकर_७१ | १०:४४

अमेरिकेहून आणलेलं मशीन आहे का? तिकडे वीज ६० हर्ट्झची, आपली ५०. माझ्या मेव्हण्याला हाच त्रास झाला होता. मोटरची पुली बदलावी लागते.

सोल्डरवाला | १०:५२

काका, ६०चं एसी मशीन ५०वर हळू चालतं, वेगात नाही. आणि थोडंथोडकं नाही, सहाव्या हिश्श्याने. यांची तक्रार बरोबर उलटी आहे.

उन्हाळी_वाळवण | ११:२०

रेकॉर्ड धुता की नाही? पावसाळ्यानंतर खाचांत बुरशी बसते. डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांड्यांच्या साबणाचा एकच थेंब, मऊ ब्रशने खाचेच्या दिशेने गोल फिरवायचं, लेबल भिजू द्यायचं नाही. मग साध्या डिस्टिल्ड वॉटरने विसळून ताटाळ्यात उभी वाळवायची. ताटाळं स्टीलचं असेल तर दांड्यांना सुती कापड गुंडाळा. माझ्या दीडशे रेकॉर्ड अशाच निघाल्यात.

झाडपाला | ११:२६

ताई, प्रश्न वेगाचा आहे हो. रेकॉर्ड स्वच्छ आहे.

सोल्डरवाला, डीसी आहे. भोकही सापडलं, वरती काळं रबरी बूच आहे. फिरवून बघतो.

एक_साधा_श्रोता | ११:३०

थांबा थांबा, मोजल्याशिवाय फिरवू नका! स्ट्रोबची चकती कागदावर छापून मिळते. ५० हर्ट्झसाठी १८० रेघांचं वर्तुळ घ्या, ३३⅓ ला (मिनिटाला तेवढ्या फेऱ्या) ते स्थिर दिसायला हवं. रेघा पुढे सरकल्या तर वेग जास्त, मागे सरकल्या तर कमी. उजेड मात्र जुन्या चोकवाल्या ट्यूबचा हवा. बहुतेक एलईडीखाली नुसतं करडं दिसतं.

झाडपाला | ११:५८

फिरवला. जमलं! कीबोर्डला चपखल बसलं. सोल्डरवाला, तुमचे उपकार. धागा बंद केला तरी चालेल.

झाडपाला | दुपारी १२:४०

नका बंद करू. रेकॉर्ड उलटी केली तर दुसरी बाजू आता खाली उतरलीये. आधी ती बरोबर लागत होती. दुसरी एक रेकॉर्ड लावली, तीही उतरलेली. एका बाजूला वेग वेगळा आणि दुसऱ्या बाजूला वेगळा, असं मशीन कधी असतं का?

पेटीमास्तर | १२:५५

एक मिनिट. रेकॉर्ड कोणती? सकाळपासून सगळे मोटर खोलताहेत. नाव कोणी विचारलं नाही आणि तुम्हीही सांगितलं नाहीत.

आणि "आधी ती बरोबर लागत होती" हे आत्ता सांगताय?

झाडपाला | १:०३

माइल्स डेव्हिसची 'काइंड ऑफ ब्लू'. त्यात काय सांगायचं, जॅझ ऐकणाऱ्या प्रत्येकाकडे असतेच. मामाने न्यू जर्सीहून आणलेली, लाल लेबल. रोज पहिलीच बाजू लावायचो, 'सो व्हॉट'साठी. सीडीशी ताडून बघितलं होतं, सीडी कीबोर्डशी जुळते. तेच गाणं रेकॉर्डवर सात-आठ सेकंद आधी संपतं. म्हणून तर मशीनवर संशय आला.

पेटीमास्तर | १:३०

तुमच्या मशीनला काहीही झालेलं नव्हतं. रिपेअरवाला खरं बोलत होता.

ही रेकॉर्ड न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया कंपनीच्या ३०व्या रस्त्यावरच्या स्टुडिओत दोन दिवसांत झाली. २ मार्च १९५९ला पहिल्या बाजूची तिन्ही गाणी, २२ एप्रिलला दुसऱ्या बाजूची दोन्ही. मार्चच्या दिवशी दोन टेप मशीनं एकदम चालू होती, एक मुख्य आणि एक राखीव. मुख्य मशीन किंचित हळू फिरत होतं. हळू फिरणाऱ्या मशीनवर घेतलेली टेप योग्य वेगाने लावली की ती भरभर वाजणार आणि सूर चढणार. रेकॉर्ड त्याच टेपवरून निघाली आणि पुढे तीसेक वर्षं तशीच निघत राहिली. १९९२ मध्ये नव्याने मास्टरिंग (छापण्याआधीची आवाजाची शेवटची जुळणी) करताना ध्वनितंत्रज्ञ मार्क वाइल्डर यांनी राखीव टेप लावली तेव्हा घोटाळा लक्षात आला. त्यानंतर कंपनीने काढलेल्या बहुतेक आवृत्त्यांत पहिली बाजू सुधारलेली आहे. तुमची जुन्या लाल लेबलची, म्हणजे आधीची असणार. सीडी नंतरची असणार.

फरक साधारण सव्वा टक्का. तुमच्या साडेनऊ मिनिटांच्या आतल्या गाण्यात तो सात सेकंदच भरतो, हिशोब करून बघा. आणि गंमत म्हणजे सव्वा टक्का म्हणजे ८१/८०. आपल्याकडे श्रुतींचं गणित मांडणारे याच अंतराला प्रमाणश्रुती म्हणतात. पांढरी दोनमधलं गाणं, मधल्या आठ मात्रांच्या जागी काळी दोनमध्ये जातं आणि परत येतं, ते सगळं एका श्रुतीने वर. मी पेटीवर धरायला गेलो होतो तेव्हा भाता फाटलाय की कान, असं वाटलं होतं.

सॅमी_ड्रम्स | १:३८

मात्रा नव्हे मास्तर, आठ बार. आठ मात्रांत काय होणार.

पेटीमास्तर | १:४०

बरोबर. आठ आवर्तनं म्हणा.

दादरकर_७१ | २:१५

ही नेटवरची दंतकथा दिसते. माझ्याकडे रेकॉर्डही आहे आणि १९८८ साली घेतलेली सीडीही. दोन्ही एकदम लावून बघितल्या होत्या, तंतोतंत जुळतात. पहिली बाजू, दुसरी बाजू, सगळी.

पेटीमास्तर | २:२१

जुळणारच. १९८८ची सीडीही त्याच चढ्या टेपवरून. तुमच्याकडे दोन घड्याळं आहेत आणि दोन्ही पाच मिनिटं पुढे आहेत.

दादरकर_७१ | २:२९

मग इतकी वर्षं ऐकलं ते खोटं का? मला तर आता सुधारलेलंच मंद वाटेल. सॅक्सोफोनवाल्या कोलट्रेनचा सोलो त्या वेगातच कानात बसलाय.

पेटीमास्तर | २:३३

ते कबूल. मीही अजून जुनीच लावतो.

सोल्डरवाला | २:५०

मोटरचा स्क्रू सुचवण्याचं पाप माझ्याकडे. पण "मोजा" म्हटलं होतं, याची नोंद असावी.

गच्चीवरचा_अँटेना | ३:१०

ही झंझट कशाला, नवीन रीइश्यू (पुन्हा छापलेली आवृत्ती) घ्या ना. १८० ग्रॅमची, पूर्ण अॅनालॉग. डिजिटलचा स्पर्श झालेली रेकॉर्ड मला तरी पहिल्या मिनिटात कळते.

सॅमी_ड्रम्स | ३:१८

कळते? २०२२ मध्ये अमेरिकेत मोबाइल फिडेलिटी कंपनीच्या महागड्या रेकॉर्डींमध्ये मधे डिजिटल पायरी असल्याचं बाहेर आलं. वर्षानुवर्षं अॅनालॉगवाले त्यांचंच कौतुक करत होते. पहिल्या मिनिटात सोडा, अकरा वर्षांत कोणाला कळलं नाही.

गच्चीवरचा_अँटेना | ३:२५

म्हणूनच मी ब्लू नोट कंपनीच्या टोन पोएट मालिकेतल्या घेतो. मूळ टेपवरून केव्हिन ग्रे मास्टरिंग करतात, ते उघड लिहितात. किंमत जास्त आहे, कबूल. पण युरोपातल्या स्वस्त छापांपेक्षा बरं. तिकडे १९६२ पर्यंतच्या रेकॉर्डिंगचे हक्क संपलेत, त्यामुळे कोणीही उठतो, सीडीवरून उतरवतो, वर रंगीत विनाइल आणि "ऑडिओफाइल" असा शिक्का.

सॅमी_ड्रम्स | ३:३१

स्वस्त छाप सुधारलेल्या सीडीवरून उतरवलेला असेल तर निदान सूर तरी बरोबर लागेल. झाडपालांना तोच हवाय.

मडगावचो_बाबूश | ४:०५

अवांतर. या सगळ्या अमेरिकन रीइश्यूंच्या गर्दीत आपल्या लोकांचं कोणी काढत नाही याचं वाईट वाटतं. चिक चॉकलेट म्हणजे आमच्या हळदोणेचे अंतोनियो शावियर वाझ. मुंबईच्या ताजमध्ये ट्रम्पेट वाजवायचे, सी. रामचंद्रांबरोबर सिनेमातही काम केलं. त्यांच्या ७८च्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या) तबकड्या कोणाकडे असतील तर जपा. माझ्या आजोबांकडची एक होती, वरून पाट पडला आणि मधोमध तडा गेला. शेलॅक (लाख) काचेसारखं, एकदा गेलं की गेलं.

उन्हाळी_वाळवण | ४:२०

७८ असेल तर तिला स्पिरिट अजिबात लावू नका. शेलॅक विरघळतं. फक्त पाणी.

एक_साधा_श्रोता | ४:३२

बाबूश, वेगळा धागा काढा ना यावर. इथे हरवेल. आणि आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर साठ वर्षांचा, त्यामुळे त्या काळचं बरंचसं आता मोकळं झालंय. कोणीतरी मनावर घ्यायला हवं.

मडगावचो_बाबूश | ४:३६

काढतो. फोटो शोधायला लागेल, तबकडी घरच्यांनी टाकली.

झाडपाला | रात्री ९:४८

हाश्श.

आधी स्क्रूचं. घरात सगळे एलईडी, म्हणून टर्नटेबल जिन्यात नेलं. तिथे एक जुनी चोकवाली ट्यूब उरलीये, लागताना तीनदा डोळे मिचकावते तीच. स्टुलावर मशीन, दारातून एक्स्टेंशन, चकती फिरतेय आणि मी डोकं खाली घालून रेघा बघतोय. खालच्या काकूंनी विचारलं, पूजा आहे का काही. रेघा मागे सरकत होत्या. स्क्रू परत केसाकेसाने फिरवला, तिसऱ्या खेपेला स्थिर झाल्या. बूच बसवलं, आता हात लावणार नाही.

दुसरी बाजू जुळली. मग पहिल्या बाजूसाठी कीबोर्डचं मॅन्युअल काढलं. ट्यूनिंगचा संदर्भाचा सूर ४४० हर्ट्झचा ४४५.५ करता येतो, म्हणजे सव्वा टक्का वर, चार मेनू आत लपवलंय. केलं. 'सो व्हॉट' लावलं, बेसचे ते पहिले सूर आले आणि डी (पांढरी दोन) दाबला. एक झाला, मधे काही घासलं नाही. चौदाशे पन्नासचे बेल्ट आणि तीनशेची तपासणी कशासाठी घातली ते बायकोला कसं सांगायचं, एवढंच राहिलंय.

बेसवाल्याला फोन केला, खुंट्या पिळून कानाने लावून घे म्हटलं. तो म्हणतो त्याला ट्यूनरशिवाय जमत नाही.

सोल्डरवाला | ९:५५

ट्यूनरमध्येही संदर्भाचा आकडा बदलता येतो. ४४५.५ नसेल तर ४४५ किंवा ४४६ करू दे, बाकी बोटाने सांभाळेल. आणि रेकॉर्ड उलटल्यावर सगळ्यांनी परत ४४०वर यायचं, विसरू नका.

दादरकर_७१ | १०:०२

एकदा दुसरी बाजू ४४५ वर वाजवून बघा. मग कळेल मला काय वाटतं ते.

उन्हाळी_वाळवण | १०:१५

आणि रेकॉर्ड धुतली का शेवटी?