वायुगळतीचा आराखडा कपाटात नको, वस्तीच्या हातात हवा

खाडीकाठ :
७ मे २०२० च्या पहाटे विशाखापट्टणमला एलजी पॉलिमर्स कारखान्याच्या टाकीतून स्टायरीन, म्हणजे प्लास्टिक बनवायचं विषारी रसायन, वाफ होऊन सुटलं. १२ जण गेले, शेकडो दवाखान्यात. शेजारच्या वेंकटापुरमची माणसं झोपेत होती आणि कारखान्याचा भोंगा वाजलाच नाही.
माझं म्हणणं असं की आत काय साठवलंय, सुटलं तर कुठवर जाईल आणि तेव्हा काय करायचं, हे शेजाऱ्यांना आधीच कळलं पाहिजे. हे कुणी उपकार म्हणून करायचं नाहीये, धोकादायक रसायनांच्या १९८९ च्या नियमांतच आहे. गळती कारखान्याबाहेर गेली तर काय करायचं, त्या आराखड्याची रंगीत तालीमही वर्षातून एकदा घ्यायची असते. तुमच्याकडे शेवटची कधी झाली?

प्लांटवाला :
असहमत. मी अशाच टाक्यांवर काम करतो. वायू कुठवर पोचेल ते दाखवणारी आराखड्यातली वर्तुळं वाईटात वाईट प्रसंग धरून काढलेली असतात. तो नकाशा व्हॉट्सॲपवर फिरला की नुसती घबराट. खरा धोका भिंतीच्या आत असतो. विशाखापट्टणमला तापमान टाकीच्या तळाशी मोजत होते. वरचा थर तापत गेला, स्टायरीनला आवर घालणारं रसायन तिथे कमी पडलं, आणि तळाचा काटा काहीच सांगेना. वरच्या थरात तापमापक हवा होता. पैसा आणि तपासणी तिकडे लावा, पत्रकं वाटण्यात नको.

रोखठोक :
आणि कारखान्यांच्या कुंपणाला खेटून इमारती कुणी उभ्या केल्या? डोंबिवलीत २०१६ ला स्फोट, २०२४ ला पुन्हा. दोन्ही वेळा एकच मागणी, कारखाने हलवा. कामगारांनी कुठे जायचं? नव्या जागीही वस्ती येणारच. मधला पट्टा मोकळा ठेवा आणि तिथे बांधकामाला परवानगी देणाऱ्याला जबाबदार धरा.

शेवंती :
पट्टा होईल तेव्हा होईल, गळती आज रात्री झाली तर? मी आरोग्य केंद्रात काम करते. क्लोरीन हवेच्या जवळजवळ अडीचपट जड, जमिनीलगत पसरतो. तळमजल्यावरच्यांनी वर जायचं, बाहेर असाल तर वाऱ्याला आडवं निघायचं, नाकातोंडाला ओला कपडा. एवढंही लोकांना माहीत नाही. भोपाळला १९८४ मध्ये माणसं जीव घेऊन पळाली, आणि धावताना तिथला विषारी वायू आणखी छातीत ओढला गेला. डॉक्टरांना तर कुठल्या वायूवर उपचार करायचेत तेच कुणी धड सांगत नव्हतं. पत्रकांना नाव ठेवू नका, दादा.

प्लांटवाला :
ताई, दवाखान्याचं पटलं. रसायनांची यादी आरोग्य केंद्राला, अग्निशमन दलाला, ग्रामपंचायतीला द्याच. पण कुठल्या टाकीत किती टन, हे चारचौघांत नको. घातपाताची भीती खरी आहे.

खाडीकाठ :
टन नका सांगू. वायूचं नाव, वस्तीपर्यंत पोचायला लागणारा वेळ आणि भोंग्याचा अर्थ सांगा. तसंही टँकर रसायनाचं नाव रंगवून भररस्त्याने जातातच. आतला काटा चुकला की बाहेरच्या माणसाकडे भोंग्याशिवाय काय उरतं? तापमापकही हवा आणि भोंगाही.
आणखी एक. अमोनिया दाबायला पाण्याचे फवारे मारतात. ते पाणी नाल्यातून खाडीत गेलं की मासे मरतात. त्या पाण्याची तपासणी आणि कोळ्यांची नुकसानभरपाई आराखड्यात कुठे बसते?

रोखठोक :
खाडीचा मुद्दा मान्य. तरी पत्रक वाटून बिल्डर त्याच पट्ट्यात फ्लॅट विकणार असेल, तर माझा विरोध कायम. खरेदीखतावरच 'धोक्याच्या क्षेत्रात' असं छापायची सक्ती करा, मग मी तुमच्या बाजूने.