शोगुनांनी जपानला अडीचशे वर्षांची शांतता दिली

पायवाट

जपानच्या इतिहासाचा विषय निघाला की आपल्याकडे गाडी सामुराईंच्या तलवारीवर येऊन थांबते. मला लिहायचंय ते या तलवारी इतका काळ म्यानात कशा राहिल्या याबद्दल.

१४६७ च्या ओनिन युद्धापासून सव्वाशेहून जास्त वर्षं सरदार एकमेकांच्या किल्ल्यांवर चालून जात होते, देश होरपळत होता. १६०० मध्ये सेकिगाहाराची लढाई तोकुगावा इएयासु जिंकला. १६०३ मध्ये क्योतोच्या सम्राटाने त्याला शोगुन, म्हणजे प्रत्यक्ष कारभार चालवणारा सर्वोच्च सेनापती, नेमलं. १६१५ ला ओसाकाचा किल्ला पडला आणि त्यानंतर, शिमाबाराचा उठाव सोडला तर, थेट १८६० च्या दशकापर्यंत जपानी फौजा समोरासमोर उभ्या ठाकल्या नाहीत. याच काळात युरोपने तीस वर्षांचं युद्ध पाहिलं, नेपोलियन पाहिला.

आणि हे सगळा देश थेट ताब्यात घेऊन केलेलं नाही. २६० च्या वर दाइम्यो, म्हणजे आपापला मुलूख असलेले सरदार, होते. प्रत्येकाचा मुलूख वेगळा, फौज वेगळी, कर आणि न्यायही त्याचाच. शोगुनाच्या आणि त्याच्या खास चाकरांच्या हातात देशाची साधारण पाव जमीन. मग बाकीचे गप्प का बसले? १६३५ मध्ये तिसरा शोगुन इएमित्सु याने सानकिन-कोताईचा नियम पक्का केला: दाइम्योने एक वर्ष आपल्या मुलखात राहायचं, एक वर्ष शोगुनाच्या एदोत (आजचं तोक्यो). बायको आणि वारस मुलगा मात्र कायम एदोत. हाकोनेच्या नाक्यावर दोन गोष्टींवर डोळ्यांत तेल घालून पहारा असे: एदोकडे येणाऱ्या बंदुका आणि एदोतून बाहेर जाणाऱ्या बायका. हत्यारं आत येताहेत किंवा ओलीस बाहेर पडतंय, म्हणजे कुणीतरी बंड करणार.

जाण्यायेण्याचा खर्चही प्रचंड. कागाच्या माएदा घराण्याचा मुलूख दहा लाख कोकूंहून मोठा होता. एक कोकू म्हणजे एका माणसाला वर्षभर पुरेल एवढा तांदूळ, सुमारे १५० किलो. त्यांचा लवाजमा दोन हजारांच्या वर माणसांचा असे. एवढं सगळं दर खेपेला, शिवाय एदोत वाडे सांभाळायचे. बंडासाठी पैसा उरणार कुठून? तोच पैसा वाटेवर झिरपला. तोकाइदो रस्त्यावरची ५३ मुक्कामाची गावं त्यावर जगली, आणि अठराव्या शतकात एदोची वस्ती दहा लाखांच्या घरात गेली.

लढाई न करता बलाढ्य सरदारांना इतका काळ बांधून ठेवल्याचं दुसरं उदाहरण मला सापडत नाही. ‘सरंजामी दडपशाही’ म्हणून हा काळ एका वाक्यात मोडीत काढू नये असं मला मनापासून वाटतं.

शेतकऱ्याची_नात

असहमत. मांडणी आवडली, म्हणूनच सविस्तर लिहिते.

तुम्ही कोकू मोजलेत, पण ते पिकवणारा माणूस तुमच्या लेखात कुठेच नाही. शोगुनाच्या जमिनीवर आधी चार वाटे सरकारचे, सहा रयतेचे अशी रीत होती, पुढे पाच-पाच झाली. दाइम्योंच्या मुलखात याहून जास्तही जात असे. पाच-पाच घरांची टोळकी बांधून दिलेली, एका घराचा सारा थकला की उरलेल्यांनी भरायचा. शेजाऱ्यानेच शेजाऱ्यावर नजर ठेवायची. गाव सोडून जायचं म्हटलं तरी मोकळीक नाही.

तुमच्या त्या लवाजम्याचा खर्च शेवटी कुणाच्या ताटातून गेला, ते उत्तरेकडच्या त्सुगारूत बघा. १७८३ चा उन्हाळा गारठलेला, भात भरलंच नाही. त्याच वर्षी आसामा ज्वालामुखीही फुटला. पण त्सुगारूच्या कोठारात धान्य का नव्हतं? सरकार कर्जात बुडालेलं होतं, म्हणून तांदूळ आधीच एदो-ओसाकाच्या बाजारात रवाना झाला होता. त्या दुष्काळात त्या एका मुलखात ८० हजारांवर माणसं गेली, म्हणजे जवळजवळ तीनातलं एक. कर्जं काही आभाळातून पडली नव्हती. त्यात एदोच्या वाड्यांचा आणि प्रवासाचा वाटा मोठा होता.

आणि ‘बंड नाही’ हे तर पटतच नाही. शेतकऱ्यांचे उठाव त्या काळात शेकड्यांनी नोंदलेले आहेत. तक्रार-अर्जावर ते सह्या गोलाकार करत, उघडलेल्या छत्रीच्या काड्यांसारख्या, म्हणजे पहिली सही कुणाची हे कळू नये. पहिल्या सहीवाल्याचं डोकं जाणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. ज्या राज्यात अर्जावर सही करायलासुद्धा अशी युक्ती काढावी लागते, तिथली शांतता कसली?

पायवाट

छत्रीच्या सह्यांबद्दल बरं लिहिलंत. पण त्याच प्रकारातलं गुजोचं उदाहरण घ्या. १७५४ मध्ये मिनो प्रांतातल्या गुजोत दाइम्यो कानामोरीने सारा ठरवायची पद्धत बदलली. आधी ठरलेला आकडा असे, आता दरवर्षी पीक पाहून आकारणी, म्हणजे जास्त वसुली. शेतकरी चार वर्षं लढले, एदोपर्यंत गेले. निकाल लागला तेव्हा कानामोरीचा मुलूख जप्त झाला, शोगुनाच्या दरबारातले वरिष्ठ अधिकारीसुद्धा घरी बसले. रयतेच्या तक्रारीवरून सरदाराची सत्ता गेली, हे किती राज्यांत घडलं?

१७२१ मध्ये आठव्या शोगुनाने, योशिमुनेने, एदोत तक्रारपेटी ठेवली. कुलूप तो स्वतःसमोर उघडवी. एका साध्या वैद्याने त्यात अर्ज टाकला की गरिबांसाठी दवाखाना हवा. पुढच्याच वर्षी कोइशिकावात फुकट उपचारांचा दवाखाना सुरू झाला.

शेतकऱ्याची_नात

गुजोचा निकाल अर्धाच सांगितलात. कानामोरी जिवंत राहिला. शेतकऱ्यांच्या पुढाऱ्यांना देहदंड झाला, त्यातल्या काहींची मुंडकी लोकांना दिसतील अशी मांडून ठेवली. ते खरं बोलत होते हे मान्य करूनही.

वसईकर

मी वेगळ्या कारणाने असहमत आहे, आणि माझ्यासाठी हा विषय घरचा आहे. संत गोन्सालो गार्सिया आमच्या वसईचे. वडील पोर्तुगीज, आई इथलीच. जपानमध्ये व्यापार केला, भाषा शिकले, मग फ्रान्सिस्कन ब्रदर झाले. नागासाकीच्या टेकडीवर आणखी २५ जणांबरोबर त्यांना क्रुसावर चढवून भाल्यांनी मारलं. लहानपणी त्यांच्या सणाला आजी ही गोष्ट सांगायची तेव्हा आम्हा मुलांच्या अंगावर काटा यायचा.

शोगुनांच्या काळात प्रत्येक कुटुंबाला कुठल्या तरी बौद्ध मंदिरात नाव नोंदवावं लागे, आपण ख्रिस्ती नाही याचा दाखला म्हणून. क्यूशूमध्ये गावागावांतून लोकांना येशू-मारियेच्या चित्रावर पाय ठेवायला लावत. जो थबकला तो पकडला गेला. शिमाबाराला तुम्ही ‘सोडला तर’ म्हणून बाजूला ठेवलंत. १६३८ मध्ये हारा किल्ल्यात कोंडलेली ३७ हजारांच्या आसपास माणसं मारली गेली, त्यात बायका-पोरं होती. ती ‘सोडता’ येत नाहीत.

जुनी_पानं

वसईकर, तुमच्या भावनेचा आदर ठेवून एक दुरुस्ती. नागासाकीचे ते २६ जण ५ फेब्रुवारी १५९७ ला मारले गेले. हुकूम तोकुगावांच्या आधी देशावर सत्ता चालवणाऱ्या तोयोतोमी हिदेयोशीचा. तो कधीच शोगुन नव्हता आणि तोकुगावा राजवट तेव्हा सुरूही झाली नव्हती. पुढे शोगुनांनी छळ वाढवला हे खरंच.

शिमाबाराला निव्वळ धर्माचा रंग देणंही बरोबर नाही. तिथला दाइम्यो मात्सुकुरा रयतेच्या कुवतीबाहेर कर वसूल करत होता. कर थकवणाऱ्यांना गवताचा झगा घालून पेटवून देत, अशा हकिकती त्या वेळच्या युरोपीय लोकांनी लिहून ठेवल्यात. उठाव चिरडल्यावर शोगुनाने त्या मात्सुकुराचंही डोकं उडवलं. दाइम्योला सेप्पुकूचा (स्वतःचं पोट चिरून मरण्याचा) मान न देता साध्या गुन्हेगारासारखं मारणं ही त्या राजवटीत अत्यंत विरळ गोष्ट.

देश ‘बंद’ होता हेही सरसकट म्हणू नये. नागासाकीत डच आणि चिनी, त्सुशिमामार्गे कोरिया, सात्सुमामार्गे र्‍युक्यू (आजचं ओकिनावा), उत्तरेला मात्सुमाएमार्गे तिथले मूळ रहिवासी आयनू, असे चार दरवाजे होते. १७२० नंतर ख्रिस्ती धर्माशी संबंध नसलेली परदेशी पुस्तकं येऊ लागली. १७७४ मध्ये सुगिता गेनपाकु आणि त्याच्या मित्रांनी डच शरीरशास्त्राचं पुस्तक जपानीत आणलं, जवळ धड शब्दकोश नसताना.

वसईकर

सनाची दुरुस्ती मान्य, चूक माझी. पण एक सांगा, १८६५ मध्ये नागासाकीच्या नव्या चर्चमध्ये उराकामीचे गावकरी आले आणि पाद्र्याला हळूच म्हणाले की आमचं आणि तुमचं मन एकच आहे. सात पिढ्या लपवून ठेवलेली प्रार्थना. सात पिढ्या आपल्या लेकरांना कुजबुजत प्रार्थना शिकवणाऱ्यांना विचारा शांतता होती का ते.

उंबरठा

सुगिता गेनपाकुचं नाव आलंच आहे तर त्यामागचा माणूसही येऊ दे. १७७१ मध्ये कोझुकाप्पाराच्या वधस्थानी हे डॉक्टर प्रेत उघडलेलं बघायला गेले. चिरून एकेक अवयव दाखवला तो नव्वदीच्या एका म्हाताऱ्याने. तो ‘एता’ समाजातला, ज्यांच्याकडे मेलेली जनावरं, कातडं, वधस्थानाची कामं होती आणि ज्यांचा विटाळ मानला जाई. त्याचे हात जाणते होते, ज्ञान मात्र डॉक्टरांच्या नावावर जमा झालं. सुगितानेच पुढे आठवणीत त्याच्याबद्दल लिहिलं म्हणून तो निदान आपल्याला माहीत आहे, तेही कुणाचा तरी आजोबा म्हणून. कायद्याने हा भेद मिटला १८७१ मध्ये, शोगुन गेल्यावर.

दुसरं, लोकसंख्या. १७२१ च्या मोजणीत सामुराई वगळून सुमारे २ कोटी ६० लाख. १८४६ मध्ये २ कोटी ६९ लाख. सव्वाशे वर्षं, लढाई नाही, तरी माणसं वाढत का नाहीत? दुष्काळ हे एक कारण. दुसरं कारण गावाकडे ‘माबिकी’ या शब्दात दडलंय. भाताची दाट रोपं उपटून विरळणी करतात त्याला माबिकी म्हणतात. नको असलेल्या तान्ह्या बाळांना संपवण्यासाठीही हाच शब्द वापरत.

पायवाट

हे वाचून दोन दिवस उत्तर सुचलं नाही.

लोकसंख्येबद्दल एवढंच म्हणेन की पश्चिम जपानात माणसं वाढत होती, ईशान्येला घटत होती, म्हणून बेरीज थांबलेली दिसते. म्हणजे सगळीकडे एकसारखी उपासमार नव्हती. पण नातीने त्सुगारूचं जे लिहिलंय ते याच घटलेल्या भागातलं आहे, आणि एदोचे वाडे त्याच तांदळावर चालले. हा धागा मी जोडला नव्हता.

सानकिन-कोताईबद्दलचं मत बदललेलं नाही. दाइम्यो एकमेकांवर चालून गेले असते तर सर्वांत आधी शेतकऱ्यांच्याच शेतातलं उभं पीक जळालं असतं, ओनिननंतरच्या काळात जळतच होतं.

शेतकऱ्याची_नात

हे मात्र मान्य. लढाईत पीक जळणं आणि साऱ्यात पीक जाणं यात पहिलं जास्त वाईट, यावर माझा वाद नाही.

पायवाट

शीर्षक बदलत नाही, नाहीतर चर्चा कशावर झाली ते नंतर येणाऱ्यांना कळणार नाही. पण त्यातला ‘दिली’ हा शब्द मी मागे घेतो. शिमाबारा ‘सोडला तर’ हेही. त्सुगारूच्या दुष्काळावर कुणी वेगळा धागा काढणार असेल तर कागा आणि त्सुगारू दोन्हीकडचा एदोचा खर्च शेजारी ठेवून बघायला मला आवडेल.