स्पेक्ट्रमच्या आठही मेमरी चिप्स सरसकट बदलाव्यात का?

धागा: १९८२ सालच्या झेडएक्स स्पेक्ट्रम या घरगुती संगणकामध्ये खालच्या १६ केबी मेमरीसाठी ४११६ जातीच्या आठ चिप्स असतात आणि त्यांना १२, ५ व उणे ५ असे तीन व्होल्टेज लागतात. उणे ५ नाहीसा होऊन १२ चालू राहिला, की या चिप्स निकामी होतात. म्हणून एक चिप गेली की आठही काढून सॉकेट बसवावेत, असे माझे ठाम मत आहे. तोच धक्का सोसलेल्या उरलेल्या सात चिप्सवर विसंबून यंत्र पुन्हापुन्हा उघडणे योग्य नाही.

प्रतिसाद १: पूर्णपणे असहमत. आठ चिप्स म्हणजे १२८ पाय, आणि चाळीस वर्षे जुन्या बोर्डावरचे तांबे थोड्या जास्त उष्णतेनेही उचलले जाते. दोष कोणत्या चिपचा, हे पुष्कळदा पडदाच दाखवतो. सुरू होताना रॉम (यंत्राचा कायमचा प्रोग्राम असलेली चिप) सर्व मेमरीत २ हा आकडा भरते, त्यामुळे निरोगी यंत्रात काळ्या पडद्यावर बारीक तांबड्या उभ्या रेषा क्षणभर दिसतात. प्रत्येक चिप दर आठ बिटांच्या गटातला एकच बिट सांभाळते. म्हणून एखादी अडकली तर दर आठ ठिपक्यांमागे एक रेषा वाढते किंवा नाहीशी होते, रंगही बदलतात. तेवढीच चिप काढावी, तीही आधी पाय कापून, मग एकेक पाय वेगळा सोडवून. चांगल्या चिप्सना हात लावणे मला तरी मान्य नाही.

धागाकर्ता: पडद्याची साक्ष झेड८० (प्रोसेसर), यूएलए (पडद्यावरचे चित्र तयार करणारी चिप) आणि रॉम शाबूत असतील तरच ग्राह्य धरता येते. संशयित चिपवर चांगली चिप चढवून पाहण्याची पद्धतही आतून शॉर्ट झालेल्या चिपपुढे निरुपयोगी ठरते.

प्रतिसाद २: आपण दोघेही चिप्सवर वाद घालत आहात, पण मूळ बहुधा व्होल्टेज तयार करणाऱ्या भागात असते. तिथला टीआर४ ट्रान्झिस्टर जळाला की १२ आणि उणे ५ दोन्ही बिघडतात, आणि शॉर्ट झालेली एखादी ४११६ चिप त्याच ट्रान्झिस्टरचा बळी घेते. हे न तपासता आठ नव्या चिप्स बसवल्या, तर त्याही जातील. यंत्र बंद असताना १२ व्होल्टच्या वाटेचा ग्राउंडशी (बोर्डाच्या शून्य व्होल्टशी) रोध मोजावा, मग चालू करून तिन्ही व्होल्टेज पाहावेत. सोल्डरिंगची इस्त्री त्यानंतरच तापवावी. एक की आठ, हा प्रश्न त्याच्या पुढचा, आणि तिथे मी प्रतिसाद १ च्या बाजूने आहे.