पाच किलोमीटरचं वर्तुळ आणि पिनकोडची रांगोळी

उपग्रह_उपाशी: ‘पिनकोडनिहाय विक्री एक्सेलमध्ये लावा, जीआयएस म्हणजे मल्टिनॅशनल कंपन्यांची महागडी रांगोळी’ हे पिव्होट_टेबल यांचं कालचं वाक्य वाचून राहवलं नाही. जीआयएस म्हणजे ठिकाणांची माहिती नकाशावर मांडून तपासायची संगणक प्रणाली. रांगोळी बिघडते ती काढणाऱ्यामुळे. मुख्यालय सांगतं, प्रत्येक दुकानाभोवती ५ किमीचा बफर, म्हणजे तेवढ्या त्रिज्येचं वर्तुळ काढा. कोणीतरी तो वेब मर्केटरमध्येच काढतो, म्हणजे ऑनलाइन नकाशांच्या त्या सपाट मांडणीत, जी विषुववृत्तापासून दूर जावं तशी अंतरं ताणते. जमिनीवर तो पुण्यात ४.७४ किमी भरतो, लंडनमध्ये ३.१. म्हणजे एकाला ७० चौ. किमी, दुसऱ्याला ३०. मग ‘लंडनची दरडोई विक्री बघा!’ आधी यूटीएममध्ये न्या, म्हणजे पृथ्वीच्या उभ्या पट्ट्या पाडून अंतरं जवळपास खरी ठेवणाऱ्या मांडणीत. पुण्याला पट्टा (झोन) ४३, नागपूरला ४४. नाहीतर सरळ जिओडेसिक, म्हणजे पृथ्वीच्या गोलाईवर मोजलेला बफर घ्या.

पिव्होट_टेबल: वर्तुळ सुधारलंत, आत माणसं कुठली भरणार? २०११ च्या जनगणनेतलीच ना? पुणे महापालिकेत २०१७ ला ११ आणि २०२१ ला २३ गावं आली. नव्या हद्दीला जुन्या वॉर्डांचे आकडे जोडलेत की नव्याने आलेली वाघोली ओसाड दिसते. त्यापेक्षा माझे पिनकोड बरे.

टपाल_हंशील: पिनकोड बरे? १५ ऑगस्ट १९७२ ला श्रीराम वेलणकरांनी ते आणले ते पत्रं वाटायला, गिऱ्हाईक मोजायला नव्हे. ‘मारुती मंदिरासमोर, पाण्याच्या टाकीजवळ’ हा पत्ता जिओकोडरला (पत्त्याचे अक्षांश-रेखांश काढणाऱ्या प्रोग्रॅमला) उमगला नाही की तो बिंदू पिनकोडच्या मध्यावर टाकतो. तीनशे ग्राहक एकाच ठिपक्यावर! हीटमॅपवर (गर्दी रंगाने दाखवणाऱ्या नकाशावर) तिथे लालभडक, आणि साहेब म्हणतात इथेच शाखा काढा. आधी एकसारखे अक्षांश-रेखांश मोजा, मॅच कुठल्या पातळीवर झालाय (घर, रस्ता की नुसता पिनकोड) तो कॉलम बघा, मध्यबिंदूवाले बाजूला काढा.

पिव्होट_टेबल: पोस्टाचा इतिहास कोणी विचारला होता?

टपाल_हंशील: पिनकोड तुम्हीच काढलात. आता ऐका.

टोलनाका: अहो, वर्तुळच कशाला? ड्राइव्ह-टाइम घ्या, म्हणजे ठरावीक मिनिटांत गाडीने गाठता येईल तेवढा भाग. पण रस्त्यांची फाइल जानेवारी २०२४ नंतरची, म्हणजे मुंबईचा अटल सेतू सुरू झाल्यानंतरची हवी, नाहीतर शिवडीहून उलव्याला जायला वाशीचा वळसा पडतो. आणि प्रोफाइल (वाहनाचा प्रकार) मोटारीचं ठेवून स्कूटरवरच्या डिलिव्हरीचा हिशेब करू नका. अटल सेतूवर दुचाकी चालत नाही. नकाशात अर्धा तास दिसतो, पोरगा वाशीवरूनच येतो.

पिव्होट_टेबल: आणि परदेशी कंपनीने हे करायचं कसं? केंद्र सरकारच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे १ मीटरपेक्षा बारीक नकाशा-डेटा तिला मालकीचा ठेवता येत नाही, भारतीय कंपनीकडून एपीआयवर (तिच्या सर्व्हरला विचारून, लागेल तेवढा) घ्यावा लागतो.

उपग्रह_उपाशी: दुकानाची जागा ठरवायला १ मीटर कशाला लागतो? गटार खणायचंय का? २०११ च्या जनगणनेचा मुद्दा मात्र मान्य, नाइलाजाने. आता तुमची कालची शीट. अक्षांश-रेखांशाचे कॉलम उलटे आहेत. पुण्याचं दुकान ७३.८ उत्तर, १८.५ पूर्व, म्हणजे नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात. तिथे माशांखेरीज गिऱ्हाईक नाही.

पिव्होट_टेबल: कॉलम बदलले. मत तेच आहे.