सेसना १७२ चं इंजिन हवेत बंद पडलं. आधी काय मोडलं हे कसं ओळखतात?

विमानवेडा:
प्रशिक्षणाच्या विमानाची ताकद गेली, शेतात उतरताना ते मोडलं, की बातमीत ‘तांत्रिक बिघाड’ छापून येतं. पण सगळाच चुराडा झाल्यावर आधीचं मोडलेलं आणि आपटून मोडलेलं वेगळं कसं काढतात? मी जुन्या कार्ब्युरेटरवाल्या १७२ बद्दल विचारतोय.

रेंचवाला:
आधी प्रोपेलर बघायचा. इंजिन जोर लावत असताना पातं जमिनीला लागलं, तर रुंदीच्या दिशेने ओरखडे उठतात, पुढच्या कडेला खाचा पडतात, टोकं ‘एस’सारखी पिळतात. एक पातं मागे वाकलेलं आणि दुसरं जवळपास सरळ असेल, तर इंजिन थांबलेलं होतं किंवा जोर नव्हता. का नव्हता, ते पातं सांगत नाही.

काहीही हलवण्याआधी फ्युएल सिलेक्टर (कोणत्या टाकीतून इंधन घ्यायचं ते), मिक्श्चर (हवा-इंधनाचं प्रमाण), थ्रॉटल, कार्ब हीट (कार्ब्युरेटरला गरम हवा देणारी कळ) आणि मॅग्नेटो (ठिणगीची वीज बनवणारं यंत्र) स्विचचे फोटो काढायचे. वाचवायला धावलेले लोक बऱ्याचदा इंधन आणि मास्टर (विजेचा मुख्य स्विच) बंद करतात, म्हणून ते विचारूनच नोंद करायची, नाहीतर ‘सिलेक्टर बंद होता’ असा चुकीचा धागा हाती येतो. दोन्ही टाक्या, गॅस्कोलेटर (इंधनातलं पाणी-कचरा अडवणारी गाळणी) आणि कार्ब्युरेटरचा बाऊल यांचे नमुने वेगवेगळ्या बाटल्यांत घ्यायचे. १००एलएल, म्हणजे या विमानांचं पेट्रोल, निळं असतं. तळाशी पाणी वेगळं दिसतं.

मग, इंजिन चार सिलिंडरांचं लायकमिंग असेल तर, वरचे चार प्लग काढून ते हाताने फिरवायचं. चारही सिलिंडरांत प्लगच्या भोकावर धरलेल्या अंगठ्याला दाब लागला पाहिजे. रॉकर कव्हरं काढून आठही व्हॉल्व्ह उघडझाप करतात का, मागची गिअरं फिरतात का, हे बघायचं. एखादा पुशरॉड (व्हॉल्व्ह उघडायला ढकलणारी दांडी) वाकलेला दिसला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह गाइडमध्ये अडकल्याचा संशय घ्या. लायकमिंगच्या इंजिनांत हे जुनं दुखणं आहे. मॅग्नेटो काढण्याआधी टायमिंग (ठिणगी कधी पडते ते) इंजिनावरच्या माहितीच्या पट्टीशी ताडायचं, नंतर फिरवून प्रत्येक तारेवर ठिणगी तपासायची.

धातूपरीक्षक:
क्रँककेसला (इंजिनाच्या खोक्याला) भोक आणि कनेक्टिंग रॉड (पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणारी दांडी) बाहेर, असं असेल तर घाई नको. सुटलेल्या रॉडने आतलं सगळं कुटलेलं असतं, त्यामुळे पहिला तुकडा शोधणं हेच खरं काम. एकाच जर्नलवर (क्रँकशाफ्टचा बेअरिंगमध्ये फिरणारा भाग) निळसर-काळा रंग आणि बाकीची बेअरिंगं चांगली असतील, तर त्या रॉडचे बोल्ट, ते आवळल्याचा जोर (टॉर्क) किंवा बेअरिंगची बसवणी तपासा. सगळीच भाजलेली असतील तर तेलाचा पुरवठा.

तुटलेल्या पृष्ठभागावर शिंपल्यासारख्या रेघा दिसल्या तर तो फटीग: चीर हळूहळू वाढली, शेवटचा उरलेला भाग एकदम तुटला. एका दणक्यात तुटलेलं तोंड खरबरीत असतं. मात्र दोन तुकडे ‘जुळतात का बघू’ म्हणून एकमेकांवर बसवू नका, तारेच्या ब्रशने घासू नका. रेघा तिथेच मरतात, मग मायक्रोस्कोपखाली काय बघणार?

विमानवेडा:
आणि हे सगळं ठीक निघालं तर?

रेंचवाला:
मग कार्ब्युरेटरमधल्या बर्फाकडे वळायचं. तो पंचनाम्याला थांबत नाही, वितळतो. दमट हवेत, थ्रॉटल मागे ओढलेला असताना, बाहेर २० अंशांवर तापमान असूनही तो जमू शकतो. म्हणून त्या वेळचं तापमान, दवबिंदू आणि कार्ब हीटची केबल खरोखर झडप हलवत होती का, यावरून अंदाज बांधतात. १७२एस ला फ्युएल इंजेक्शन आहे, तिथे हा संशय गैरलागू.